अडतीस टक्के

खडूची रेघ सोळा सेंटिमीटर सरळ गेली आणि तिथून पुढे तिला दात फुटले. बारीक, करवतीसारखे, जवळपास सारख्या अंतरावर. कापणीच्या मास्तरांनी ती तळहाताने पुसली. शेजारच्या टेबलावरच्या त्यांच्या धाकट्या बहिणीने मालक कुठे आहेत ते बघितलं आणि कापड स्वतःकडे ओढलं. शिवणकारखान्यात गेले चौदा महिने असंच चाललं होतं. कापणी तिची, नाव मास्तरांचं.

दुपारी मास्तरांच्या हाताची फेरतपासणी होती. मागच्या खेपेला अपंगत्वाच्या दाखल्यावर अडतीस टक्के पडले होते. भत्ता मिळायला चाळीस लागतात.

"दोन टक्क्यांनी नापास होणारा आपल्या घरात तूच पहिला," दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर बहीण म्हणाली.

मास्तर उजव्या हाताची बोटं मुडपत होते, उलगडत होते.

"हे काय चाललंय, दादा?"

"सराव. आठवडाभर करतोय. मूठ वळायला सांगतात ना. मागच्या वेळी अंगठा अडकला, फार लाज वाटली."

बहिणीने कपाळावर हात मारला. "तू काय पहिला नंबर काढायला आलायस? अरे, मूठ वळत नाही हेच तर दाखवायचंय."

"मुद्दाम कमी वळवू? ती लबाडी झाली."

"मुद्दाम कशाला? सकाळी शर्टाची बटणं कुणी लावली?"

मास्तर उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले, पुन्हा उठले. पाणी प्यायला गेले तर अर्धा पेला बाहीवर सांडला. ओली बाही त्यांनी पाठीमागे लपवली. तेवढ्यात नाव पुकारलं.

आत डॉक्टरबाईंनी बोटाच्या सांध्यावर कोनमापक धरला. मास्तर दात-ओठ खाऊन मूठ वळू लागले.

"जोर नका लावू. सहज वळेल तेवढंच."

हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात सैल सोडला. बोटं अर्ध्यावर जाऊन थांबली, थरथरत राहिली. बाईंनी आकडा टिपला.

"बटणं लावता येतात?"

मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं. "ही लावते."

"जेवताना?"

"डावा हात."

"बरं. अर्जात कामाचा रकाना कोराच आहे. काम चालू आहे का?"

बहीण चपलांकडे बघू लागली. अर्ज भरताना तिने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ते 'मी बघतो' म्हणाले होते. चालू म्हटलं तर भत्ता नाही, आत्ताची सगळी मापं फुकट जाणार. बंद म्हटलं तर सव्वीस वर्षं ज्या टेबलाशी उभे राहिले, तिथे उद्या कशासाठी जायचं?

मास्तर खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले. घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"आजोबा, चालू की बंद?"

"बंद," ते म्हणाले. "चौदा महिने कापड ही कापते, मी नुसता उभा असतो. उद्या मालकांना सांगणार आहे, माझं टेबल हिच्या नावावर करा."