सुवर्णाने बांधलेली गाठ

मित्रांनो, निलगिरी मोडल्याचे शशिकांतला कळले तो २००६ च्या डिसेंबरातला शुक्रवार होता. वादळ रात्रीच येऊन गेले होते. अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यू गावात वीज नव्हती, म्हणून तो चहा न पिताच मागच्या अंगणात आला. वीस फूट उंच झाड छातीच्या उंचीवर तुटून कुंपणावर पडले होते. शेजारी मी मात्र सरळ उभी होते. शशिकांतने झाडाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काठी तर मजबूत होती."

ते ऐकून मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

मी एक जुनी काठी आहे. सीडरच्या लाकडाची, खाली टोक काढलेली. कोवळ्या झाडाला आधार देणे हे माझे काम. ते काम एका वर्षाचे असते. माझ्याकडून ते साडेतीन वर्षे करून घेतले.

मला सुवर्णाने आणले. सुवर्णा ही शशिकांतची बायको. दोघे पुण्याहून आलेले. तो सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. २००२ साली तिने टपालाने निलगिरीचे बी मागवले. टास्मानियाच्या डोंगरातली ही जात थंडी सोसते आणि फार उंच जाते. पण तिचे बी आधी काही आठवडे गारठ्यात ठेवावे लागते. सुवर्णाने ते ओल्या वाळूत कालवून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. पुढची गोष्ट ती प्रत्येक पाहुण्याला माझ्याशेजारी उभी राहून सांगायची. शशिकांत तो डबा घेऊन कचऱ्याकडे निघाला होता.

"अगं, हा रवा खराब झालाय."

"तो रवा नाही, जंगल आहे. ठेव परत."

पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण म्हणून रोपे दिली. बायका हसल्या. तिची मैत्रीण हिमानी म्हणाली, "मी तर तुळससुद्धा मारते. हे माझ्याकडे काय जगणार?"

"जमिनीत लाव आणि विसरून जा," सुवर्णा म्हणाली. "लाड केलेस तरच मरेल."

मे महिन्यात तिने स्वतःचे रोप अंगणात लावले आणि वीतभर अंतरावर मला ठोकले. जुन्या हिरव्या सुती साडीची पट्टी फाडून तिने आम्हा दोघांना सैल बांधले. नऊ वर्षांची चैत्राली, तिची मुलगी, गाठीवर बोट धरून उभी होती.

"घट्ट नको," सुवर्णा तिला म्हणाली. "वाऱ्याने हललं की खोड जाड होतं. पुढच्या मेमध्ये हे सोडायचं. लक्षात ठेव."

शशिकांत झारी घेऊन तिथेच उभा होता. त्याने हे ऐकले होते. मीही ऐकले होते.

पहिल्या उन्हाळ्यात रोप भराभर वाढले. लोक येत, पानांचा वास घेत आणि म्हणत, "काठी छान लावली आहे." मला अभिमान वाटे. ते माझे चांगले दिवस होते.

पुढचा मे आला तेव्हा सुवर्णा हॉस्पिटलमध्ये होती. ऑगस्टमध्ये ती गेली.

त्यानंतर शशिकांत रोज संध्याकाळी येऊन त्या गाठीवर हात ठेवू लागला. त्याचे दुःख मला कळत होते. एक वर्ष मी मनात काही आणले नाही. पण झाड कोणासाठी थांबत नाही. खोड फुगले आणि पट्टी सालीत रुतू लागली. २००५ च्या पावसाळी हिवाळ्यात पट्टी कुजली. ती आपोआप गळून पडणार होती. मला किती बरे वाटले होते! पण शशिकांतने कपाटातून तीच साडी काढली, दुसरी पट्टी फाडली आणि जुन्या गाठीवरून करकचून बांधली.

हिमानीने एकदा सांगून पाहिले. "शशिकांत, सोड आता ते. साल कापली जातेय."

"राहू दे. तिने बांधलंय."

त्याने गाठ जपली आणि झाडाचा गळा आवळला. आणि त्यासाठी त्याने मला वापरले. झाडाला हलू दिले नाही, म्हणून खोडात जोर आला नाही. वादळात ते बरोबर त्या पट्टीपाशी तुटले. आणि वर मीच मजबूत!

त्या शुक्रवारी दुपारी हिमानी आली. तिचे झाड गॅरेजच्या मागे उभे होते. तिने ते कधी बांधले नव्हते. वादळात ते रात्रभर हेलकावत राहिले, पण तुटले नाही.

"तू काय केलंस त्याला?" शशिकांतने विचारले.

"काहीच नाही. सुवर्णा म्हणाली होती तसं विसरून गेले."

शशिकांत ओल्या गवतावर बसला. हिमानी त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "मूळ उपटू नकोस, सुवर्णानेच सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "बुंध्याशी हा गाठोड्यासारखा फुगवटा आहे ना, त्यात कोंबांचे डोळे असतात. उन्हाळ्यात फुटेल. मग एकच फुटवा ठेव, बाकीचे काप. सगळे ठेवलेस तर झुडूप होईल, झाड होणार नाही."

२००७ च्या जूनमध्ये एकोणीस फुटवे आले. शशिकांत त्यांना पाणी घालतो, त्यांच्याशी बोलतो. कापत मात्र एकही नाही. सगळे फुटवे एकमेकांचे ऊन खात कमरेएवढे वाढले आहेत.

गेल्या रविवारी तो कात्री घेऊन आला. मला वाटले, आज कापणार. त्याने कात्री गवतावर ठेवली आणि खिशातून हिरव्या साडीची पट्टी काढली. तेवढ्यात चैत्राली बाहेर आली. ती आता चौदा वर्षांची आहे.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"वारा फार असतो. सगळे एकत्र बांधून ठेवतो."

"नो. आई म्हणाली होती, एकच वर्ष. मला आठवतंय. तुला आठवत नाही?"

"आठवतंय."

"मग काठीवरची ती गाठ अजून का आहे?"

"तिच्या हातची गाठ आहे ती, चैत्राली."

"सोड म्हणाली तीही आईच होती."

तिने कात्री उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने पट्टी पुन्हा खिशात घातली आणि तो घरात गेला. चैत्रालीने कात्री माझ्या पायाशी टेकवून ठेवली.

मित्रांनो, काठी कोणीही लावतो. लावणाऱ्याचे कौतुकही होते. पण ज्याने लावली, किंवा ज्याच्यावर ते काम सोडले गेले, त्याने ती वेळेवर काढली पाहिजे. दुःख झाले म्हणून झाडाचे नियम बदलत नाहीत. तुमच्या अंगणात माझ्यासारखी एखादी काठी असेल, तर आजच जाऊन तिची गाठ पाहा. रुतली असेल, तर कोणी बांधली होती हे विचारू नका. सोडा.

२००८ चा मे संपत आला आहे. कात्री पावसात गंजते आहे. एकोणीसपैकी अठरा फुटवे कापायचे राहिले आहेत. माझ्या अंगावरची गाठ सोडायची राहिली आहे, आणि मला उपटायचे राहिले आहे.