होम क्लब, डाळज

डाळजच्या रामहरी धुमाळांना गोल्फचा नाद लागला तो गवतामुळे. आधी त्यांच्या रानात डाळिंब होतं. तेल्या रोगानं बाग गेली, तेव्हा त्यांनी दोन एकरांत लॉन लावलं. बंगलेवाले आणि मंगल कार्यालयं अंगणात अंथरायला विकत नेतात, ते लॉन. "लोक रानातलं गवत उपटून काढत्यात, अन् ह्यो गडी लावतोय," असं गाव म्हणालं. लॉनच्या गाद्या ट्रकनं जायला लागल्यावर गाव गप्प झालं.

एकदा पुण्याकडच्या एका गोल्फच्या मैदानावर त्यांचं लॉन गेलं. अंथरून द्यायला रामहरी स्वतः गेले आणि आठवडाभर तिथंच राहिले. तिथल्या एका वयस्कर खेळाडूनं गंमत म्हणून त्यांच्या हातात काठी दिली. पहिलाच फटका असा बसला की चेंडू टण्णकन उडाला आणि आभाळात दिसेनासा झाला. नंतरचा एकही फटका धड बसला नाही, पण त्या पहिल्या फटक्याची झिणझिणी हातातून गेली नाही ती नाहीच. येताना त्यांनी दोन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू विकत आणले.

जागेची अडचण नव्हती. घरामागं उजनी धरणाचं पाणी. शिमगा झाला की पाणी मागं सरकायला लागतं आणि गाळाची सपाट, बारीक गवताची मोकळी जमीन उघडी पडते. तिथं मेंढरं चरतात, कुणी कलिंगडं लावतं. रामहरींनी तिथं चार खड्डे केले, त्यांत चार इंची पाइपचे तुकडे पुरले आणि खताच्या लाल पोत्यांचे झेंडे रोवले. अडचण होती ती शिकवणाऱ्याची. चेंडू नेमानं उजवीकडं वळायचा आणि पाण्यात जायचा. भिगवणच्या मासळीबाजारात एकदा चिलापीच्या पाटीतून गोल्फचा चेंडू निघाला, तेव्हा लिलाव करणारा म्हणाला, "धुमाळांचा हाय, बाजूला ठिवा."

मग मोबाइलवर त्यांना 'पार' सापडला. मराठीतून गोल्फच्या गप्पा मारायची ती एक साइट. ठरलेल्या फटक्यांत चेंडू खड्ड्यात गेला की गोल्फमध्ये त्याला पार म्हणतात, आणि वडाखालचा पार तर प्रत्येक गावाला असतो. नाव ठेवणाऱ्यानं दोन्ही साधलं होतं. साधी पांढरी पाटी, काळी अक्षरं. नवं वर, जुनं खाली. रामहरींनी तिथं 'गाळावरचा गोल्फ' नावानं लिहायला सुरुवात केली आणि बघता बघता माणसं जमली. नाशिकच्या एक बाई रोज झेंड्यांचे फोटो मागायच्या. साताऱ्याचे शंभूराज नावाचे दातांचे डॉक्टर चुका दाखवायचे, त्याही न दुखवता. रामहरी सकाळी लॉनला पाणी सोडायचे, मोटर चालू झाली की बांधावर बसायचे आणि पार उघडायचे.

एका रविवारी त्यांनी बायकोला, प्रगतीला, आपल्या फटक्याचा व्हिडिओ काढायला लावला आणि पारावर टाकून विचारलं, "माझं नक्की काय चुकतंय?"

सोमवारी सकाळी मोबाइल वाजला. शंभूराजांचं उत्तर आलं होतं. रामहरींनी घाईघाईनं पार उघडला, तर पार जागेवर नव्हता.

म्हणजे नाव होतं. पण पांढरी पाटी जाऊन निळं-जांभळं काहीतरी आलं होतं. वर एक गोरा माणूस दात दाखवत उभा होता आणि त्याच्या छातीवर लिहिलं होतं, 'नवं रूप, नवा अनुभव!' खाली आपोआप हलणारे व्हिडिओ. 'गाळावरचा गोल्फ' कुठंच दिसेना. रामहरी धुमाळ हे नाव जाऊन तिथं 'पाहुणा' झालं होतं. बरंच वरखाली केल्यावर शंभूराजांचं उत्तर सापडलं.

'तुमची चूक मला कळली. गोष्ट अगदी साधी आहे, पण तुमच्या...'

आणि पुढं टिंबं. टिंबांखाली 'पुढे वाचा'.

रामहरींनी दाबलं. 'कृपया आपली माहिती पूर्ण करा,' असं म्हणत एक फॉर्म उघडला. नाव, फोटो, हँडिकॅप, होम क्लब.

"माझ्या काय?" रामहरी बांधावरच ओरडले. "माझ्या काय, डॉक्टर?"

प्रगती धारा काढून येत होती. तिनं फॉर्म वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "अवो, हँडिकॅप? तुमाला काय झालंय?"

"अगं, तसलं न्हाय. पारापेक्षा आपल्याला किती फटके जास्ती लागत्यात, त्येचा आकडा असतो तो."

"मग लिवा की."

"ते लिवलं. ह्ये होम क्लब अडलंय, आपण कुठल्या क्लबात खेळतो ते." त्यांनी यादी दाखवली. पुणे होतं, मुंबई होती, नाशिक, नागपूर, महाबळेश्वर होतं. 'इतर' नव्हतं, 'क्लब नाही' असंही नव्हतं.

"पुण्याचा टाका. कोण बघाया येतंय?"

"आन् उद्या त्या क्लबातला एखादा म्हणाला, तुमाला कधी बघितलं न्हाय, तर? दुसऱ्याच्या गावात आपलं नाव कसं लावायचं?"

"मग बसा बोंबलत," प्रगती म्हणाली आणि दूध घेऊन आत गेली.

रामहरींनी तक्रार पाठवली. लगेच उत्तर आलं: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्यांना बरं वाटलं. त्यांनी दुसरी, जरा सविस्तर तक्रार पाठवली. तिलाही तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं 'अ' लिहून पाठवलं, तर तेही मोलाचं निघालं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पलीकडं माणूस नाही.

दोन दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. जेवताना मध्येच थांबून ते म्हणायचे, "माझ्या खांद्याचं म्हणत असतील का?" प्रगती म्हणायची, "डोक्याचं म्हणत असतील." शेवटी यादीच्या अगदी तळाला, बारीक अक्षरांत, त्यांना एक ओळ दिसली: 'नवीन क्लब नोंदवा'. अट एवढीच, की मैदानाचा फोटो हवा आणि किमान चार सभासद हवेत.

एक ते स्वतः. प्रगती "माझं नाव कुठल्या कर्जाला तर लावत न्हाय ना?" एवढं विचारून तयार झाली. तिसरी त्यांची आई, छबूबाई. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"सभासद?" छबूबाईंनी मान वर केली. "कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला साखर मिळती. हितं काय मिळतं?"

"आये, हितं काय मिळत न्हाय. खेळायचं असतं."

"मग कशाला व्हायचं?"

"माझ्यासाठी व्हय की."

"व्हते बाबा. लाव नाव."

"हँडिकॅप काय लिवू?"

"ते काय असतं?"

"खेळायला किती अडचण येती, त्येचं असतं."

"गुडघे लिव," छबूबाई म्हणाल्या.

चौथे शेजारचे दादासाहेब. ऊसवाले गृहस्थ, दोन सोसायट्यांवर संचालक. त्यांचं कलिंगडाचं रान रामहरींच्या तिसऱ्या खड्ड्याला लागून होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"चेअरमन कोण?"

"चेअरमन न्हाय, दादासाहेब. चारच माणसं हायती."

"चार माणसं हायती म्हणजे चेअरमन पायजेच. मी व्हतो. न्हायतर मला सोडा."

रामहरींनी ते मान्य केलं, फॉर्म भरला आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पलीकडं बाईमाणूस होतं, आवाजावरून तिशीतलं.

"नमस्कार, मी उत्कर्षा बोलते, 'पार'कडून. डाळज गोल्फ क्लबची नोंदणी आली आहे. पडताळणीसाठी थोडं विचारू का?"

"विचारा की," रामहरी उठून उभे राहिले.

"क्लबहाउस आहे?"

"हाय. पत्र्याचं शेड. मोटर पण तितंच हाय."

"पार्किंग?"

"लागंल तेवढं."

"सभासद छबूबाई धुमाळ, हँडिकॅप..." उत्कर्षा थांबली. "इथं 'गुडघे' असं लिहिलंय."

"व्हय. दोन्ही."

पलीकडून दाबून धरलेलं हसू फुटलं आणि बराच वेळ थांबलं नाही. रामहरीही थोडं हसले, पण त्यांना बोलायचं होतं, आणि आता कुठं माणूस सापडला होता.

"बाई, राग मानू नका. तुमी पार पार घालवला बघा."

"म्हणजे?"

"तुमच्या गावाकडं पार हाय का?"

"आहे. आजोळी होता."

"त्या पारावर कुणी आलं तर आपण काय म्हणतो? बस म्हणतो. तुझं घर कुठलं, दाखला दाखव, मग बस, असं म्हणतो का? मी रोज सकाळी येत हुतो. माझं नाव हुतं तितं. आता मी पाहुणा झालो. आन् डॉक्टरांनी माझी चूक सांगितली, ती निम्मीच दिसती. माझ्या काय, ते कळंना. मी चार दिस काठीला हात लावला न्हाय."

उत्कर्षाचं हसू थांबलं होतं. "हे सगळं मीच केलंय, काका," ती म्हणाली. "एवढे दिवस राबून. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"वाईट केलंय असं म्हणत न्हाय मी. रंग चांगला हाय," रामहरी घाईनं म्हणाले. तिचा आवाज पडलेला त्यांना ऐकवेना.

"खरं सांगू? मी गोल्फ खेळत नाही. मला वाटलं, गोल्फ खेळणाऱ्याला क्लब असतोच." पलीकडं कळफलक वाजायला लागला. "तुमच्यासारखे अजून किती अडकलेत ते बघते. तुमचा क्लब मी आत्ताच मंजूर करते. लाइनवर थांबा आणि उघडून बघा."

रामहरींनी पार उघडला. 'रामहरी धुमाळ. होम क्लब: डाळज.' त्यांनी 'पुढे वाचा' दाबलं.

'तुमची चूक मला कळली. गोष्ट अगदी साधी आहे, पण तुमच्या मागे ते गुलाबी पक्षी दिसत आहेत, ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आहेत का? खरेखुरे? इतक्या जवळ? अहो, मी आयुष्यभर त्यांच्या मागे फिरतो आहे! बाकी उजवा अंगठा काठीवर जरा डावीकडे सरकवा. पण ते पक्षी किती दिवस असतात, तेवढं लगेच कळवा.'

रामहरींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. उत्कर्षा पुन्हा हसली, ते तर इतके हसले की छबूबाई आतून विचारत्या झाल्या, काय झालं म्हणून.

"रविवारी या," रामहरी फोनवर म्हणाले. "डॉक्टरांनाबी बोलावतो. क्लब तपासून जावा."

आणि रविवारी ती खरंच आली. शंभूराज तर तिच्याही आधी, उजाडायला हजर झाले. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, आणि गोल्फच्या काठ्या गाडीतच. ते आधी तासभर पाण्याच्या कडेला रोहित बघत बसले. कुणी बोलायला गेलं की ओठांवर बोट ठेवायचे. दादासाहेब पांढऱ्या स्टार्चच्या कपड्यांत आले आणि पाहुण्यांना नारळ-टोपी देऊन त्यांनी छोटंसं भाषण केलं. त्यात त्यांनी मैदानाला 'प्रकल्प' म्हटलं.

मग खेळ सुरू झाला. रामहरींनी अंगठा डावीकडं सरकवून फटका मारला. चेंडू या वेळी उजवीकडं गेला नाही. सरळ गेला, मग जरा विचार केल्यासारखा डावीकडं वळला आणि चेअरमनसाहेबांच्या कलिंगडांत शिरला.

"हरकत नाही," शंभूराज म्हणाले. "निदान आता कोरड्यावर पडतोय."

दादासाहेबांनी आपलं फुटलेलं कलिंगड उचललं, सगळ्यांना कापून दिलं आणि ह्याची नोंद क्लबच्या खर्चात करावी, असं सुचवलं. उत्कर्षानं काठी हातात घेऊन बघितली. तिनं चार वेळा नुसती हवेतच काठी फिरवली, पाचव्यांदा चेंडू हातभर गेला, आणि ती खुशीत एवढ्यानं ओरडली की मेंढरं बिचकून पांगली. दुपारी शेडमध्ये प्रगतीनं चिलापीचं कालवण आणि बाजरीच्या भाकरी वाढल्या. जेवता जेवता उत्कर्षा रामहरींना विचारत होती, कुठलं बटण शोधायला त्रास झाला, काय दिसेनासं झालं, आणि रामहरी एकेक सांगत होते. सांगता सांगता त्यांचं ताटातलं गार झालं.

पंधरवड्यानं पारावर थोडे बदल झाले. होम क्लबच्या जागी आता आपल्या गावाचं नाव हातानं लिहिता यायला लागलं, आणि यादी बघता बघता भरली. कुणी विट्याचं होतं, कुणी उदगीरचं. एकानं नुसतं 'गच्ची' असं लिहिलं होतं. 'गाळावरचा गोल्फ' परत आला, पण जुने फोटो गेले ते गेलेच. नाशिकच्या बाईंनी आपल्याकडं उतरवून ठेवलेले काही धाडले. हलणारे व्हिडिओ काही बंद झाले नाहीत, आणि तो गोरा माणूसही अजून दात दाखवतोच आहे. रामहरी दर सोमवारी त्याबद्दल उत्कर्षाला लिहितात. ती उत्तर देते, आणि ते प्रत्येक वेळी वेगळं असतं.

त्या रविवारची एक गोष्ट मात्र रामहरींच्या नजरेतून सुटली होती. पाहुणे गेल्यावर भांडी घासायला न्यायच्या आधी प्रगतीनं, कुणी बघत नाही असं पाहून, शेडमागं एक फटका मारला होता. एकच.

एका सकाळी रामहरी मोटर चालू करून मैदानावर जायला निघाले, तर कोपऱ्यात काठ्या नव्हत्या. ते शोधत मागच्या दारी आले. लांब, दुसऱ्या झेंड्याजवळ, पदर खोचून प्रगती उभी होती. तिनं काठी उचलली. चेंडू उडाला, सरळ गेला आणि सरळच पडला.

"अगं, धारा कोण काढणार?" रामहरी ओरडले.

"तुमी काढा," ती मागं न बघता म्हणाली, आणि चेंडूमागं चालायला लागली.