डब्यातले तेवीस फोन

होड्या सुटायच्या आधी खलाशांनी आपापले फोन गोदूबाईच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे, अशी वाडीची रीत होती. खारं पाणी लागलं की फोन मेलाच. आत एखादा वाजला, तर जेटीवर बसलेली गोदूबाई त्याला दटावायची, "वाज मेल्या, धनी दर्यात हाय तुजा."

त्या सोमवारी अंग तापलं म्हणून गुणाजी होडीवर गेला नाही. फोन मात्र सवयीनं डब्यात टाकला नि दिवसभर गोदूबाईला लागून, खोकत जाळं सांधत बसला. बुधवारी तो कोरोना पॉझिटिव्ह निघाला.

वाडीच्या आशा सेविका सावित्रीला वरून यादी आली. ॲपनं काढलेली. गुणाजीच्या फोनाजवळ सहा तास होते ते तेवीस जण.

तिनं लगेच आरोग्य केंद्रात फोन लावला. "सर, जवळ फोन होते, माणसं दर्यात होती. जवळ होती ती गोदूबाई. तिची टेस्ट करूया."

"तिचा मोबाईल नंबर?"

"फोनच नाय तिच्याकडं."

"मग ती यादीत कशी येणार, ताई? किट यादीपुरतीच आहेत. तेवीस जणांना शाळेत ठेवा आधी."

सावित्रीनं ठेवलं. कुलूप लावताना खिडकीतून त्या तेविसांतला सूरज ओरडला, "फोनाला ताप आला नि कोंडतेस आमाला काय गो?" सगळे हसले. तीही हसली.

पुढच्या आठवड्यात शनिवारी गोदूबाईचा श्वास गाळात रुतलेल्या होडीसारखा झाला, पुढे नाही नि मागे नाही. सावित्रीनं तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याहत्तर.

"काय म्हनतो गो तो चिमटा?"

"बरं म्हणतोय, मावशे."

ॲम्ब्युलन्स वर सडकेला. मधे सत्तर पायऱ्यांची पाखाडी. भीतीनं वाडीतली दारं बंद, नि उचलणारे हात सगळे शाळेत. सावित्रीनं नि सूरजच्या बायकोनं, रुपालीनं, म्हातारीला खुर्चीत बसवून उचललं. शाळेपाशी दोघींचे हात सुटायला आले.

"सावित्री, कुलूप काढ!" आतून सूरज. आता कोणी हसत नव्हतं.

चौदा दिवस उघडायचं नाही, असा हुकूम होता. तिनं उघडलं. चौघे धावले, मास्क शोधत कोण बसतो? गोदूबाईचं डोकं सूरजच्या गळ्याशी टेकलं, नि विसाव्या पायरीवर तिचा शेवटचा श्वास त्याच्या मानेवर सुटला.

सावित्रीनं चौघांना नि रुपालीला शाळेच्या पडवीत लांब लांब बसवलं. यादी काढली. चौघांच्या नावांवर खूण केली. खाली रुपालीचं नि स्वतःचं नाव लिहिलं.

"आता खरंच जवळ होतात," ती म्हणाली.

सूरज ओल्या बाहीनं मान पुसत राहिला.