सेमाडोह ते अमरावती, विनाधक्का

सेमाडोहच्या शाळेचे मास्तर उद्धव पांढरीपांडे वाघाला भीत नसत. वाघाला शिक्षणाची आवड नसते आणि तो शाळेकडे फिरकत नाही, हे त्यांनी मेळघाटात आल्यावर पाहून घेतलं होतं. ते भीत होते धक्क्याला.

भीतीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोला, विमलला, अमरावतीला माहेरी नेताना एसटी एका मोरीवर आदळली. विमलला तेव्हा सहावा महिना होता. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मूल गेलं. ते आदळण्यानं गेलं की तसंही जाणारच होतं, हे अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंना सांगता आलं नाही. त्यांना सांगता आलं नाही म्हणून उद्धवरावांनीच ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून ते स्वतःच्या घराचं दारसुद्धा चोरासारखं लावू लागले.

बासष्टच्या उन्हाळ्यात विमलला पुन्हा सातवा महिना लागला. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: बाळंतपण अमरावतीलाच करायचं, सिपना नदीला पूर येऊन रस्ता बंद व्हायच्या आत खाली यायचं, आणि येताना धक्का लागू द्यायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी माणसाच्या हातातल्या होत्या. तिसरी सांगणाऱ्या बाईंनी सेमाडोहचा घाट पाहिलेला नव्हता.

एसटीचं नाव घरात काढायची सोय नव्हती. बैलगाडीनं जावं तर रस्त्यातला एकही दगड ती वगळणार नाही. उरला खुशालराव ठेकेदारांचा ट्रक.

हा ट्रक अमेरिकन होता. आमची शेती सुधारायला आलेले कोणी साहेब तो अकोल्याला सोडून परत गेले. शेती होती तशी राहिली आणि ट्रकचा लिलाव झाला. हातोहात फिरत तो खुशालरावांकडे सागवान ओढायला आला. त्याची पुढची गादी जावयाला बसवावी अशी, आणि स्प्रिंगा इतक्या मऊ की खड्डा येऊन गेलेला कळू नये. त्याला क्लच नव्हता. गियर तो आपला आपण बदलायचा. मात्र बदलताना असा हिसका द्यायचा की मागे लाकडांवर बसलेला हमाल केबिनीला चिकटे आणि पुढे बसलेले ठेकेदार काचेला.

थोडक्यात, इथे रस्ता धक्का देणार नव्हता, ट्रकच देणार होता.

"निदान हा धक्का दुरुस्त तरी होईल," विमल म्हणाली. "रस्ता दुरुस्त व्हायची वाट पाहिली तर पोरगं इथेच मॅट्रिक होईल."

ट्रकचे ड्रायव्हर पंजाबराव अकोटचे. जिनाच्या ट्रकवर कापसाच्या गाठी वाहण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली. या ट्रकबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

"मी हात लावत नाई, काई नाई, अन् हे लेकाचं आपल्या मनानं गियर बदलून राह्यलं," ते म्हणाले. "मले इचारत बी नाई. याले ड्रायव्हर कायले लागते? याले मांत्रिक पाह्यजे."

"पण धक्का कमी होईल का?" उद्धवरावांनी विचारलं.

"करू ना. कावून नाई करू? वयनीसाठी करू."

खुशालरावांनी आठवडाभर ट्रक दिला. प्रश्न राहिला, धक्का कमी झाला हे ओळखायचं कसं? पंजाबरावांना कुठलाच धक्का लागत नसे आणि उद्धवरावांना उभ्या ट्रकमध्येही लागत असे. तोड विमलनं काढली. तिनं मातीच्या मडक्यात दही विरजलं, सुरीनं कापावं इतकं घट्ट. मास्तरांनी ते मांडीवर घेऊन बसायचं. दही तडकलं, पाणी सुटलं, की ट्रक नापास.

पहिल्या फेरीत दह्याचं ताक झालं आणि मास्तरांचा सदरा धुवायला टाकावा लागला.

पंजाबरावांनी गियरपेटीच्या तेलाची कांडी ओढून वास घेतला. तेल काळं पडलं होतं आणि वास तळणीचा येत होता. ट्रक मध्ये काही महिने अकोटच्या एका जिनात होता. तिथे कोणीतरी त्यात सरकीचं तेल ओतलं होतं. अकोटात सगळ्या दुखण्यांवर सरकीचंच तेल. ते पंजाबरावांच्या गावचं असल्यामुळे त्यांनी त्यावर टीका केली नाही. अकोल्याहून खुशालरावांच्या माणसाबरोबर खऱ्या तांबड्या तेलाचा डबा मागवला आणि जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत काढलं. दुसऱ्या फेरीत दही तडकलं, पण सदरा वाचला.

मग ते ट्रकखाली गेले. "हे पाहा मास्तर, ही सळई. आपुन पाय किती दाबला थे ही गियरपेटीले सांगते. ही खोटं बोलून राह्यली. आपुन हळू दाबतो, ही सांगते जोरात. मंग पेटी बी जोरातच हाणते." सळईचा नट त्यांनी थोडा फिरवला, ट्रक चालवून पाहिला, पुन्हा थोडा फिरवला. संध्याकाळपर्यंत सळई बरीचशी खरं बोलू लागली. दही तरीही तडकत होतं.

त्या आठवड्यात सेमाडोहात ताक फार झालं. उद्धवरावांना मात्र तहानही लागेनाशी झाली. रात्री ते विमलच्या पोटाकडे पाहत बसत. ती कुशीवर वळली तरी ते कंदील जवळ आणत. दिवस जवळ येत होते, सातपुड्यावर ढग दिसू लागले होते आणि मडक्यातल्या दह्यात रोज भेग पडत होती.

पुढच्या फेरीत मास्तरांना समोर बघवेना, म्हणून त्यांनी मान खाली घातली. तेव्हा त्यांना पंजाबरावांचा डावा पाय दिसला. ट्रक गियर बदलण्याच्या बेतात आला, इंजिनाचा सूर चढला, आणि तो पाय आपला आपण उठून जोरात खाली आला. वीस वर्षं त्या सुरावर तो क्लच दाबत आला होता. इथे क्लचच्या जागेपर्यंत ब्रेकचं पसरट पॅडल होतं. ट्रक आपोआप गियर बदलत होता आणि पंजाबराव आपोआप ब्रेक मारत होते.

"पंजाबराव, तुमचा पाय," मास्तर म्हणाले.

"कोनता?"

"डावा. ब्रेक दाबतोय."

"थो काई नाई करून राह्यला, थो रिकामाच हाय," असं म्हणून पंजाबरावांनी खात्री करायला खाली पाहिलं. ट्रक रस्ता सोडून एका मोहाकडे निघाला.

"वर बघा," मास्तर म्हणाले, पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. पंजाबरावांनी तेवढ्यात स्वतःच वर पाहिलं म्हणून मोह वाचला.

पाय आवरेना. पंजाबराव त्याला दटावून बसत, आणि सूर चढला की तो पुन्हा उठे. शेवटी विमल दारातून म्हणाली, "जेवताना कुठे ठेवता तो? मांडी घालून बसा ना."

पंजाबरावांनी डाव्या पायाची मांडी घातली आणि उजव्या पायावर ट्रक चालवला. दही गेलं तसंच घट्ट परत आलं. विमलनं त्यात सुरी घालून पाहिली आणि सगळ्यांना वाढलं.

निघायच्या सकाळी स्टिअरिंगवर, म्हणजे डावीकडे, पंजाबराव मांडी घालून बसले. मध्ये उद्धवराव, आणि खिडकीशी उशांमध्ये विमल. निघण्यापूर्वी मास्तरांनी पंजाबरावांचा हात धरला. "काहीही झालं तरी धक्का नको. आण घ्या."

पंजाबराव भजनी माणूस, गुरुकुंजाच्या आश्रमाला मानणारा. "गुरुकुंजाची आन," ते म्हणाले. "धक्का नाई देत."

चढ बरा गेला. उतार लागला आणि एका वळणावर वेग कमी होताच ट्रकनं खालचा गियर घेतला. बारीकसा ठोका बसला, दह्यालाही कळला नसता. उद्धवराव 'हं' असं काहीतरी म्हणाले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पंजाबरावांनी तो पाहिला. आण त्यांच्या डोक्यात होतीच. मग त्यांनी घाटात वऱ्हाडातला प्रत्येक ड्रायव्हर पेट्रोल वाचवायला करतो तेच केलं. दांडी न्यूट्रलला टाकली.

गियरच नाही तर धक्का कुठला? ट्रक पाटातल्या पाण्यासारखा सरकू लागला. इंजिनाचा आवाज बसला, पाखरं ऐकू येऊ लागली. उद्धवराव दोन वर्षांत पहिल्यांदा मागे टेकून बसले. पंजाबराव भजन गुणगुणू लागले.

मग ते गुणगुणायचे थांबले.

डोंगराकडचे साग एकमेकांत मिसळून गेले होते. पंजाबराव ब्रेक दाबत होते, आणि काही जळल्याचा वास येत होता. पॅडल आधी अर्धं जाई, आता ते पार खालपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी हँडब्रेक ओढला. तो ओढल्याचं ट्रकला कोणी सांगितलं नसावं.

"ब्रेक तापले," पंजाबराव हळूच म्हणाले. "मास्तर, गियर टाकाव लागते. एलमंधी, सगळ्यात खालच्या गियरमंधी. इंजिनच अडवीन आता."

"धक्का बसेल?"

"बसन. या स्पीडात लय बसन."

उद्धवरावांनी बाहेर पाहिलं. डावीकडे डोंगर होता, उजवीकडे काही नव्हतं, आणि विमल उजवीकडे बसली होती. त्यांना दरी दिसत होती, आणि त्याच वेळी दोन वर्षांपूर्वीची ती मोरीही. दोहोंतली कोणती जास्त भीतीची, हे त्यांना ठरवता येईना. "नको," ते म्हणाले. "अजून थोडं बघा."

"मी आन घेतली हाय बापा," पंजाबराव म्हणाले. त्यांनी हात दांडीवर ठेवला. "मले मोडता येत नाई. तुमी सोडवा."

"नको," मास्तर पुन्हा म्हणाले.

"अहो, दरीत गेल्यावर कोणाला धक्का लागायचा राहणार आहे?" विमल म्हणाली. तिनं पाय पुढे रोवले, एक उशी पोटाशी धरली आणि पाठ गादीला दाबली. "पंजाबराव, आण मी सोडवली. टाका."

पंजाबरावांनी आधी ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाला ओरडायला लावलं, म्हणजे त्याचा वेग चाकांच्या जवळ येईल, आणि मग दांडी खाली ओढली. खालून तोफ सुटल्यासारखा आवाज झाला. उद्धवरावांचं कपाळ काचेवर आपटलं. ट्रक किंचाळत, सगळ्या अंगानं हलत, आपल्याच इंजिनाला लोंबकळल्यासारखा हळू झाला. वळण आलं. ते त्यांनी घेतलं. पुढचंही घेतलं. मग ट्रक बैलाच्या चालीनं उतरू लागला.

विमलनं डोळे मिटले होते आणि उशी तशीच घट्ट धरली होती. उद्धवरावांना विचारायचं होतं, पण विचारलं तर उत्तर येईल. पंजाबरावही समोर बघत राहिले. 

"वयनी," शेवटी पंजाबराव म्हणाले, "काई बोला बापा."

"थांबा," विमल म्हणाली. तिनं उशी बाजूला केली आणि हात पोटावर ठेवला. तिला काही जाणवत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. उद्धवरावांच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि ते पुसायचं कोणाच्या मनात आलं नाही. घाट संपत आला.

"लाथ मारली," ती म्हणाली.

"कोनं?" पंजाबराव म्हणाले.

"ज्याला मारायचा हक्क आहे त्यानं."

परतवाडा मागे पडला, सपाट रस्ता आला. पंजाबराव म्हणाले, आता ट्रकला त्याच्या मनानं गियर घेऊ द्यावेत, तो सुधारला आहे. उद्धवरावांनी दांडी दोन्ही हातांनी धरली. अमरावतीपर्यंत ट्रक एलमध्येच आला. वाटेत एका छकड्यानं त्यांना मागे टाकलं आणि छकडेवाल्यानं वळून, काही मदत हवी का, असं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी विमलला आडवं केलं आणि पोटावर नळी ठेवून कान लावला. त्यांनी जागा बदलली, पुन्हा ऐकलं, पुन्हा बदलली. उद्धवराव भिंतीला टेकून उभे होते.

"आहे," बाई म्हणाल्या. "चांगलं चाललंय."

विमल त्याआधीच झोपली होती. ही बातमी सांगायला तिला उठवावं असं उद्धवरावांना फार वाटलं. पण झोपलेलं माणूस हाकेनं दचकतं. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि ती जागी होईपर्यंत बातमी घेऊन तिथेच उभे राहिले.