बाजूचं दिसेना

मित्रांनो, भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला साधा मॉनिटर म्हणजे मी. रुंदीने बेताचा, अंगाने सपाट, चारचौघांसारखा. कारखान्यात माझ्यावर आधी पांढरा, मग लाल, मग निळा रंग उमटवून पाहिला. एकही ठिपका मेलेला नाही असा शेरा मिळाला आणि मी खोक्यात बसून या घरी आलो.

घरात माणसं तीन. शिवणकाम करणारी आई, मालाची गाडी चालवणारा दादा आणि त्याची धाकटी बहीण. मी आलो तो धाकटीसाठी. दिवसा ती एका छापखान्याकरिता औषधांच्या खोक्यांवरची नक्षी आणि अक्षरं माझ्यावर जुळवायची. संध्याकाळी कानांवर हेडफोन चढवून माझ्यावर ऑनलाइन नेमबाजीचा खेळ खेळायला बसायची. तिचा एक संघ होता. दूरच्या गच्चीवर कुणाचं नुसतं डोकं हललं तरी हिला दिसायचं, म्हणून संघातले तिला 'घार' म्हणत. घरी कुणी आलं की ती माझे रंग कौतुकाने दाखवायची. माझे ते सुखाचे दिवस.

मग हळूहळू बिनसत गेलं. समोरचा शत्रू ती अजूनही अचूक टिपायची, पण बाजूने आलेला तिला मारून जायचा. संघाचा कप्तान आधी थट्टा करायचा, पुढे चिडू लागला. मोठी स्पर्धा तोंडावर आली होती. असंच चाललं तर तुझ्या जागी दुसरं कुणी घ्यावं लागेल, असं त्याने तिला स्पष्टच सांगितलं. घरातही तिचं धड काही होत नव्हतं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, हाताशी ठेवलेला पेला लवंडायचा. आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "धांदरट कुठली! लक्ष कुठे असतं तुझं?"

धाकटीने सगळा दोष माझ्यावर टाकला. मी अरुंद, म्हणून तिला बाजूचं दिसत नाही. तिला आता अल्ट्रावाइड हवा होता, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरणारा, कडांनी आत वळलेला. दुकानदाराने साध्या आणि रुंद अशा दोन्हींतलं बरं-वाईट समजावून दिलं होतं. रुंद पडद्यावर खेळात डावी-उजवीकडचं जास्त दिसतं. पण काही खेळ तेवढे पसरतच नाहीत, दोन्ही कडांना काळे पट्टे उरतात, आणि संगणकावर ताण येतो तो वेगळाच. दादाचं म्हणणं, साध्याच आकाराचा घे, फक्त नवा आणि वेगवान. त्यावर दोघांची बरेच दिवस हुज्जत चालली. शेवटी ती म्हणाली, "वेग घेऊन काय करू? मला बाजूचं दिसायला हवं, दादा." दादाने मान डोलावली.

नवा मॉनिटर आला. मला टेबलावरून उतरवून समोरच्या भिंतीशी, जमिनीवर टेकवून ठेवलं. मनाला लागलं, खोटं कशाला बोलू? पण पुढे जे पाहिलं, त्यापुढे माझा रुसवा काहीच नव्हता.

ती आधीपेक्षाही वाईट खेळू लागली. कोपऱ्यातला नकाशा तिला सापडेना. एका रविवारी दुपारी दादा तिच्या खुर्चीमागे उभा राहून खेळ पाहत होता.

"अगं, डावीकडे बघ. केव्हाचा उभा आहे तो."

"कुठे?"

दादाला आधी ती चेष्टा करते आहे असं वाटलं. मग त्याने पडद्याच्या डाव्या कडेवर बोट टेकवलं. "समोरच बघत राहा. मान वळवू नकोस. माझं बोट दिसतंय?"

"नाही."

त्याने बोट थोडं आत सरकवलं. नाही. आणखी थोडं. तरी नाही. बोट सरकत सरकत पार मध्याजवळ आलं, तेव्हा ती म्हणाली, "आता दिसलं."

उजवीकडूनही तसंच झालं. खेळात ती केव्हाच मेली होती. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहत नव्हतं. आईचं मशीन थांबलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून मरत चालला आहे, हे बरीच वर्षं चालू असणार, असं त्यांनी सांगितलं. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. घरी आल्यावर आई धाकटीच्या खांद्यावरचे जुने-नवे काळे-निळे डाग बघत बसली.

"मी तुला धांदरट म्हणत राहिले गं."

"मीही स्वतःला तेच म्हणत होते, आई."

संघाला तिने स्वतःच सांगितलं. कप्तानाने माफी मागितली, आणि तिची जागा दुसऱ्याला दिली. रुंद मॉनिटर विकला गेला. मी पुन्हा टेबलावर चढलो, पण पार भिंतीला टेकून, लांब. तिच्या नजरेला उरलेल्या खिडकीत मी तेवढ्या अंतरावरूनच पुरता मावत होतो. माझ्यात काही गुण होता म्हणून मी परत आलो नाही, मित्रांनो. मी लहान होतो म्हणून आलो. दादा शेजारी बसून बाजूचं सांगायचा, ती समोरचं खेळायची. कधीकधी दोघं हसायचीही.

खिडकी मात्र आखडत गेली. आधी मी निम्मा दिसेनासा झालो, मग ओळीतला एखादाच शब्द दिसू लागला. छापखान्याचं काम सुटलं. एके दिवशी तिने दादाला माझ्यावर नुसता पांढरा रंग उमटवायला सांगितला. बराच वेळ ती पाहत राहिली. मग हात पुढे करून चाचपडत तिने माझी कड शोधली आणि शांतपणे म्हणाली, "बंद कर आता."

हल्ली तिचा संगणक तिला सगळं वाचून दाखवतो. त्याला पडदा लागत नाही. ती पुन्हा काम शिकते आहे. चुकते, चिडते, परत बसते. कपाटाच्या दारातून मला फक्त आवाज येतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. मी वस्तू आहे, मला पडून राहता येतं. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी सारखं धडपडत असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याला कुठपर्यंत दिसतं एवढं विचारा. आमच्या घरात ते वेळीच विचारलं असतं, तरी धाकटीचे डोळे कदाचित वाचले नसते. पण ज्यात तिची चूक नव्हती, त्यासाठी इतकी वर्षं बोलणी तरी खाल्ली नसती.