तेविसाव्या पानावरचा शिक्का

मी शिक्का बोलतोय. रबराचा, गोल, लाकडी मुठीचा. आधीच सांगून टाकतो, मी सूड उगवलेला शिक्का आहे आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. गोडगोड ऐकायचं असेल तर एखाद्या फुलदाणीकडे जा.

गिरणी बंद पडल्यावर रामनाथ परबांनी मुलुंडला चाळीच्या जिन्याखाली लायब्ररी काढली. आईच्या नावाने, सगुणा वाचनालय. तेव्हा स्टेशनबाहेरच्या टपरीत माझा जन्म झाला. शिक्केवाल्याचं ब्लेड निसटलं आणि माझ्या कडेला खाच पडली. तो म्हणाला, "दुसरा करून देतो." रामनाथ म्हणाले, "असूदे रे. ओळखायला बरा."

कादंबऱ्यांचं एक कपाट, बाकी सगळी कॉमिक्स. काय दिवस होते ते! मे महिन्यात रांग जिन्यावरून थेट नळापर्यंत जायची. दर महिन्याला नवी कंपनी, नवा हिरो, नवा मुखवटा. सगळ्यांच्या पहिल्या पानावर मी ठाक करून बसायचो. पण कार्टी पहिलं पान फाडून पुस्तकच लंपास करायची. म्हणून रामनाथ प्रत्येक पुस्तकात दुसरा ठसा लपवायचे, तेविसाव्या पानावर, आतल्या पिनेजवळ. घराची खोली तेवीस नंबरची, म्हणून तेवीस. हे तिघांनाच ठाऊक होतं. रामनाथांना, त्यांच्या बायकोला म्हणजे सुनंदाकाकींना, आणि मला.

मग घरोघरी केबल आली. जिना ओस पडला. कॉमिक्सच्या कंपन्या पटापट बुडाल्या आणि ज्या हिरोंसाठी पोरं मारामाऱ्या करायची, त्यांच्या पानांत चणे-शेंगदाणे बांधले जाऊ लागले. शेजारी सांगायचे, "रद्दीत घाल रे सगळं." रामनाथांनी घातलं नाही. खोकी भरून माळ्यावर ठेवली. देवाघरी जाताना काकींना एवढंच म्हणाले, "पोरांका वाचूक दी."

दोन वर्षांपूर्वी देवेश उगवला. आमचा जुना मेंबर, आता अंधेरीला फ्लॅट. "काकी, देवगडला आमच्या गावच्या शाळेत देतो सगळी कॉमिक्स. काकांचं नाव लावतो लायब्ररीला." काकींचे डोळे भरून आले. खोकी दिली, वर मलाही दिलं. "लायब्ररी म्हटली की शिक्का लागतलो," म्हणाल्या.

शाळा कसली नि काय! खोकी उतरली ती अंधेरीच्या फ्लॅटमध्ये. आता म्हणे जुन्या कॉमिक्सना पुन्हा तेजी आलीय. मोठी झालेली पोरं वाट्टेल तो भाव देतात, पण पुस्तक कोरं करकरीत हवं, लायब्ररीचा शिक्का नको. मेल्याने कसलंसं केमिकल आणलं आणि पहिल्या पानांवरचे माझे ठसे एकेक करून पुसले. मी समोर टेबलावर बसून बघत होतो. माझा जन्मभराचा घाम तो कापसाने टिपत होता! तेव्हाच ठरवलं, देवेशा, तुला सोडणार नाही. तेविसाव्या पानाबद्दल त्याला ठाऊकच नव्हतं.

गेल्या महिन्यात अंधेरीतल्या एका हॉलमध्ये कॉमिक्सचा मेळा भरला. देवेशने स्टॉल लावला. पाटी काय, तर 'माझ्या बालपणीचा संग्रह'. पुस्तकं प्लास्टिकमध्ये बंद, हात लावायची सोय नाही. शोभेला मला ठेवलं, आणि दीडशहाण्याने स्टॉलच्या पत्त्यासकट माझा फोटो फेसबुकवर टाकला. तो काकींच्या सुनेने, श्वेताने, बघितला. काकींनी खाच ओळखली.

दुपारी दोघी स्टॉलवर हजर. मनगटांवर दारातल्या प्रवेशाचा निळा ठसा.

"काकी! तुम्ही इथे कशा?"

"शाळेत दिलंस मा सगळा?"

"दिली ना काकी, कधीच. ही माझी स्वतःची."

समोर एक दाढीवाला गिऱ्हाईक पुस्तक निवडून उभा होता. काकी त्याला म्हणाल्या, "दादा, जरा तेविसावं पान उघडा."

"अहो, प्लास्टिक काढायचं नसतं!" देवेश ओरडला. तोवर दाढीवाल्याने ते काढलं होतं.

आणि तिथे मी होतो. जांभळा, ठसठशीत, खाचेसकट! त्याने दुसरं उघडलं, तिथेही मी. तिसऱ्यातही मीच. दाढीवाला पुस्तकं खाली ठेवून चालता झाला.

"काकी, लोक बघतायत."

"बघूदेत." त्यांनी मला उचललं. "श्वेता, दारावरच्या पोरीकडचं शाईचं पॅड आण गं."

वीस वर्षांनी अंगाला शाई लागली हो! काकी प्लास्टिक फाडत गेल्या आणि मी कव्हरवर, हिरोच्या थेट थोबाडावर बसत गेलो. ठाक! ठाक! ठाक! आख्खा हॉल गोळा झाला.

"काकी, वाट लागली माझी! आता कोण विकत घेणार ही?"

"ती इकूक नायत," काकी म्हणाल्या, "वाचूक आसत."

पुढच्या रविवारी देवेशच्या गाडीतून खोकी देवगडला निघाली. पुढच्या सीटवर काकी, मांडीवर मी. गाडीतून खोकी त्यानेच उतरवली, एकट्याने. मी आता शाळेच्या टेबलावर असतो. पोरं आंब्याच्या हातांनी पानं उलटतात, कोपरे दुमडतात, एकीने तर हिरोला मिशा काढल्यात. मला फार बरं वाटतं. तुमच्या कपाटात कॉमिक्स कुलूपबंद असतील तर बाबांनो, काढा बाहेर, वाचू द्या कुणालातरी.

हो, एक राहिलंच. शेवटचं खोकं उतरल्यावर देवेशने पोच मागितली. काकींनी त्याचं मनगट धरलं आणि त्यावर मला दाबलं, चांगलं जोर लावून. केमिकल आहेच त्याच्याकडे. बसूदे घासत.