ऑब्री थॉर्नकॉम्बचं विमान

ऑब्री थॉर्नकॉम्ब पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा सिनेमा मुका होता. घोड्यावर बसायचं, मिशीला पीळ द्यायचा आणि नायिकेकडे बघायचं, एवढंच काम. मग सिनेमा बोलू लागला आणि बरोबरीचे निम्मे नट आपल्या किनऱ्या आवाजापायी घरी बसले. ऑब्रीचा आवाज भारदस्त होता, तो टिकला. आधी प्रियकर झाला, मग नवरा, मग बाप, मग न्यायाधीश. गेल्या साली बिशप झाला तेव्हा एनिड मॅलोरी म्हणाली, "आता मढ्याचंच काम उरलं, ऑब्री. त्याला संवाद नसतात, तुला बरं पडेल."

एनिड कितीतरी सिनेमांत त्याची बायको झाली होती. भांडायची मात्र सख्ख्या बायकोसारखी.

लंडनबाहेरच्या त्या स्टुडिओत मी मेकअपला होते. या सिनेमात ऑब्री म्हातारा कप्तान होता. न्याहारीच्या टेबलावर तो बायकोला, म्हणजे पुन्हा एनिडलाच, सांगतो की आपला वैमानिक मुलगा परत येणार नाही. पानभर बोलणं होतं, आणि सकाळपासून ते जमत नव्हतं. "कालची तार..." इथपर्यंत यायचा आणि थांबायचा.

आमच्या सेटवर नटाला कुणी 'तुम्ही विसरलात' म्हणत नाही. दुसरा कुणीतरी दोष स्वतःवर घेतो. पहिल्या वेळी आवाज टिपणारा सिरिल म्हणाला, "माफ करा, विमान गेलं." दुसऱ्या वेळी कॅमेऱ्यात केस अडकला. मग पुन्हा विमान. मग दिवा गुणगुणला. मग पुन्हा विमान.

"आज हवाई दलाचा सराव दिसतोय," ऑब्री म्हणाला. कुणी हसलं नाही.

मी घाम टिपायला पुढे गेले. रडून थकलेल्या लेकराचं कपाळ असतं तसं ते गार आणि ओलं लागलं. तो हळूच म्हणाला, "पोरी, बाहेर माझा कप्तानाचा कोट कुणाच्या अंगावर आहे?"

मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. चहापर्यंत जमलं नाही तर उद्यापासून कप्तान दुसरा, असं निर्मात्याने दिग्दर्शकाला बजावलं होतं. कपड्यांच्या खोलीबाहेर कपडेवाली मेव्हिस तो कोट एका दुसऱ्या नटावर चढवून खडूने खुणा करत होती.

"हलू नका, पावडर डोळ्यात जाईल," मी म्हणाले.

समोरून एनिडने हातातला टोस्ट खाली ठेवला. "ऑब्री, विमान गेलेलं नाही. एकही नाही. तू विसरतोयस."

सेटवर सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. दिग्दर्शक कॉलिन ट्रेस तरुण होता, त्याचे कान लाल झाले.

"ठाऊक आहे," ऑब्री म्हणाला. "तुझ्याशी बोलताना सगळं आठवतं. पण शॉटच्या सुरुवातीला ती फळी तोंडासमोर खटकन वाजते आणि पाटी कोरी होते. मुक्या सिनेमात ही भानगड नव्हती."

"मग ती नंतर वाजवा," एनिड कॉलिनला म्हणाली. "शॉटच्या शेवटी फळी उलटी धरून वाजवताच की तुम्ही, जनावरांच्या आणि तान्ह्या पोरांच्या वेळी."

"मी यातला कोण?" ऑब्रीने विचारलं.

"वासावरून जनावर."

तो हसला. फळीवाला स्टॅन मागे सरकून उभा राहिला. कॉलिनने 'चालू' म्हणायच्या ऐवजी नुसती मान हलवली. एनिडने चहा ओतला, ऑब्रीने कप घेतला आणि बोलू लागला. काल तार आली, ती घेऊन तो बागेत गेला, शेडमध्ये उभ्याने वाचली, हे सगळं ओळीने आलं. अर्ध्यावर मात्र तो थांबला.

पुन्हा विसरला, असं वाटलं मला.

ऑब्री खिडकीकडे बघत होता. तेव्हा आम्हाला ऐकू आलं. छतावरून एक विमान चाललं होतं, सावकाश, खरंखुरं. एनिडही वर बघू लागली. आवाज पार विरेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. मग ऑब्रीने कप बशीत ठेवला आणि उरलेलं सगळं तिला सांगितलं, एक शब्द न चुकता. स्टॅनने पुढे येऊन फळी उलटी धरून वाजवली.

कॉलिनने सिरिलकडे पाहिलं. सिरिलने कानावरचं यंत्र काढलं. "विमान होतं," तो चाचरत म्हणाला. "म्हणजे, खरंच होतं."

"आज तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार, बाबा?" ऑब्री म्हणाला.

"राहू दे ते," कॉलिन म्हणाला. "तसंच ठेवू." तेवढ्यात चहाची गाडी आली. एनिडने दोन बन उचलले आणि एक ऑब्रीच्या बशीत टाकला.

दुसऱ्या दिवशी तो कप्तानाचा कोट घालून माझ्यासमोर बसला. खांद्यावर आणि बाह्यांवर खडूच्या पांढऱ्या खुणा तशाच होत्या. त्याने आरशात त्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"मेव्हिसची गफलत," मी ब्रश घेत म्हणाले. "कोटांची अदलाबदल झाली असेल."

"असेल," तो म्हणाला आणि मला खडू झटकणं सोपं जावं म्हणून त्याने हात थोडा वर धरला.